माझ्या नंबरावरचं गाव

सकाळी माझ्या फोनवर पहिला मेसेज येतो तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी गॅस सिलिंडरचा. सिलिंडर आमचा नसतो. गाडीवाला पलीकडच्या आळीत कोड मागत उभा असतो, त्या घरातली बाई आमच्या घराकडे तोंड करून हाक मारते, मी तव्यावरची भाकरी तशीच सोडून अंगणात येते आणि आकडे ओरडून सांगते. हे झालं की दिवस सुरू. मग रेशनचं, शिष्यवृत्तीचं, पीक पाहणीचं, बँकेचं. आमच्या भरे नावाच्या गावातल्या कितीतरी घरांचे ओटीपी माझ्या फोनवर येतात. एके काळी मी पगार घेऊन लोकांना सांगत असे, की ओटीपी कुणालाही सांगू नका. आता तो अंगणातून ओरडून सांगते. हसू येत असेल तर हसा, सुरुवातीला मलाही यायचं.

लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मी हिंजवडीला एका कंपनीत हेल्पडेस्कवर होते. कानाला हेडफोन, समोर दोन स्क्रीन आणि पलीकडे कुणीतरी वैतागलेला माणूस. त्याचं पान उघडत नसे, फाईल चढत नसे, पासवर्ड चालत नसे. मी शांतपणे एकेक गोष्ट करायला सांगायची आणि शेवटी तो ‘अरे, झालं’ म्हणायचा. त्या ‘अरे, झालं’साठी मी रोज बस पकडून जात होते. मग मुलगी झाली, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि थोडे दिवस घरी राहते म्हणून जी राहिले ती राहिलेच.

पण जित्याची खोड म्हणतात तसं माझं झालं. आमच्या आळीतल्या बायकांचा फोनवर एक ग्रुप होता. त्यात रोज सकाळी गुलाबाची फुलं यायची. त्या फुलांना कंटाळून मी एकदा लिहिलं, की सरकारी पान उघडत नसेल तर आधी दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघा. साइट बंद आहे की आपलाच ब्राउझर रुसलाय, ते कळतं. दुपारपर्यंत दोघी घरी येऊन सांगून गेल्या, की काम झालं. मला इतका आनंद झाला, की दुसऱ्या दिवशी मी आणखी एक लिहिलं आणि मग रोजच लिहायला लागले. काही शोधल्यावर सगळ्यात वर येतं ते जाहिरातीचं असू शकतं, घाईनं त्याच्यावर बोट ठेवू नका. पावती उघडत नसेल तर ब्राउझरनं नवी खिडकी अडवलेली असते, वर पत्त्याच्या पट्टीशी बारीक खूण दिसते, तिथे परवानगी द्या. सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर कधीही पासवर्ड ‘जतन’ करू नका. फोटो मोठा म्हणून फॉर्म घेत नसेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि तो चढवा. लोक हे सगळं घरगुती औषधासारखं एकमेकांना सांगायला लागले. अर्धं चुकीचं सांगायचे, पण सांगायचे.

पलीकडच्या काकूंचा फोन दिवसभर टुणटुण वाजायचा. बघते तर पन्नास साइट्सच्या सूचना चालू. मी म्हटलं, “काकू, सगळ्यांना परवानगी कशाला दिलीत?”

“दारात येऊन इचारत्यात, येऊ का म्हणून,” काकू म्हणाल्या. “न्हाई कसं म्हणायचं?”

मी त्यांना सेटिंगमध्ये जाऊन सगळ्यांना नाही म्हणायला शिकवलं. त्या वेळी मला वाटलं होतं, की नाही म्हणणं ही काकूंचीच अडचण आहे.

नंबराचं सुरू झालं तेही असंच, साध्यासुध्या कारणानं. आमच्याकडे लोक सिमकार्ड बदलतात. स्वस्त योजना आली की नवं कार्ड, ती संपली की पुन्हा नवं. जुना नंबर कुठे जोडला होता ते कुणाच्या लक्षात राहत नाही. मग रेशनच्या पानावर जायचं तर ओटीपी मेलेल्या नंबरावर. वरच्या वाडीतल्या लोकांचं आणखी वेगळं. त्यांचे फोन चांगले चालू, पण डोंगरावर रेंज नाही, आणि ओटीपी काही त्यांची वाट बघत थांबत नाही. माझा नंबर मात्र कॉलेजपासूनचा. मी तो लग्नातही बदलला नाही.

“तुमचाच टाका की वहिनी,” पहिल्यांदा कुणी म्हणालं तेव्हा मी एका शेजाऱ्याचा फॉर्म भरत होते. “तुमचा नंबर काय पळून जात न्हाई. घरचाच हाय.”

मी टाकला. नंतर बदलून घेऊ म्हटलं. मग त्याच्या भावाचा, मग भावकीतल्या सगळ्यांचा, मग आमच्या खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या कारखान्यातल्या पोरांचा. ते मला भाभी म्हणतात आणि गॅस घेताना माझा नंबर सांगतात. खरं तर प्रत्येक वेळी मला आतून बरंही वाटायचं, कारण गाव माझ्यावर विश्वास टाकत होतं. कुठल्या सुनेला हे नको असतं?

आणि हळूहळू मला घराबाहेर जाता येईना.

हे शब्दशः खरं आहे. माझं माहेर पौडच्या पलीकडे, डोंगराच्या आत. तिथे आमच्या घरात रेंज येत नाही, वरच्या पाण्याच्या टाकीजवळ गेलं तर एखादी रेघ दिसते. एकदा मी आईकडे मुक्कामाला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी गावातला एक जण मोटरसायकलवर आईच्या दारात हजर. त्याच्या मुलीच्या अर्जाचा कोड आला असणार आणि तो टाकल्याशिवाय अर्ज पुढे जात नव्हता. तो काही रागावला नाही. उलट फार नम्रपणे म्हणाला, “वैनी, तुमी टाकीजवळ बसता का जरा?” मी बसले. आई खालून जेवायला हाका मारत होती आणि मी माहेरच्या टाकीजवळ, हात वर करून, परक्याच्या कोडची वाट बघत उन्हात बसले होते. त्यानंतर मी मुक्काम करायचंच सोडलं. अंघोळीला गेले तरी फोन मोरीतल्या कोनाड्यात. लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात, स्पीकरपासून लांब, रेंज जिथे असेल तिथे उभी. ताम्हिणीला सगळे धबधबा बघायला गेले तेव्हा मी घरी थांबले. घाटात फोन चालत नाही. नवरा म्हणाला, “एक दिवस बंद राहिला तर काय आभाळ कोसळतं?” आभाळ कोसळत नाही, पण कुणाचा तरी सिलिंडर परत जातो, आणि ती बाई मला काही बोलत नाही. ते न बोलणंच मला सहन होत नाही.

अशात माझ्या जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा फोन आला. हिंजवडीतच दुसऱ्या एका कंपनीत ती आता बऱ्यापैकी वर होती. हेल्पडेस्कला माणूस हवं होतं, दिवसाची पाळी, घोटावड्याच्या रस्त्यानं कंपनीची बस. “तुला डोळ्यांसमोर ठेवूनच सांगतेय,” ती म्हणाली. मग एक अट सांगितली. ग्राहकांची खासगी माहिती स्क्रीनवर असते, म्हणून फोन दारातच लॉकरमध्ये ठेवावा लागतो. सुटी होईपर्यंत तो हातात मिळत नाही.

मला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती, की फोन ठेवल्यावर मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. मला लोकांना मदत करायचा कंटाळा आला नव्हता. मला अशी मदत करायची होती जी संध्याकाळी संपते. समोरच्यानं ‘झालं’ म्हटल्यावर जी खरोखर होते.

म्हणून मी ठरवलं, की एकेकाचा नंबर बदलून द्यायचा. काम अवघड नव्हतं. जुन्या नंबरावर एक कोड, नव्यावर एक कोड, दोन्ही टाकले की मोकळं. मी ग्रुपवर अगदी सोपं करून लिहिलं: आपापल्या खात्यावर आपापला नंबर का असावा. आणि खाली, माझा नंबर कमी करून घ्या. एरवी हात जोडलेली, फुलं वाहिलेली किती चित्रं यायची. त्या दिवशी ग्रुप गप्प. संध्याकाळी दुकानात गेले तर बोलणं थांबलं. मला काय झालंय तेच कळेना. शेवटी सासूबाईंनी सांगितलं.

“तू लिवलंस ना, नंबर कमी करून घ्या म्हणून,” त्या म्हणाल्या. “हितं कमी करणं म्हंजी काय असतं, ठावं हाय ना तुला?”

ठाऊक होतं, पण डोक्यात आलं नव्हतं. आमच्याकडे जमिनीला भाव आल्यापासून ‘कमी करणं’ एकाच गोष्टीचं असतं. सातबाऱ्यावरून नाव कमी करणं. भावाभावांत वाटण्या होतात, बहिणींकडून हक्क सोडून घेतात, मग नाव कमी होतं. जे नाव कमी झालं त्याचा त्या घराशी व्यवहार संपला. आणि मी गावाला सांगत होते, की माझा नंबर कमी करा.

तरी मी घोटावड्याला गेले. माझे सासरे आता नाहीत. त्यांची धाकटी बहीण तिथे दिलेली आहे. ह्या आत्या मला सगळ्यात जवळच्या, आणि त्यांच्या गॅसला, पेन्शनलाही माझाच नंबर. म्हटलं, सुरुवात त्यांच्यापासून करावी, त्या समजून घेतील, मग त्यांचं उदाहरण गावाला देता येईल. त्यांनी चहा केला. मी त्यांच्या सुनेचा नंबर विचारला, तिचा आणि माझा फोन शेजारी ठेवले आणि काय करायचं ते सांगितलं. आत्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“आमच्या भावांनी मला पौडला नेलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “आधी साडी घेतली. मग कचेरीत सही कुटं करायची त्ये बोटानं दावलं. मी केली. समद्याच बहिणी करत्यात, मी काय येगळी न्हाई. बोलले बी न्हाई काय. पर तवापासनं म्हायेरी गेलं की पाव्हनी.”

मी फोनवरचं उघडलेलं पान बंद केलं.

“आता माजा गॅस आला की म्हायेरी कळतंय,” आत्या म्हणाल्या. “वैनी, तुजी सासू, फोन करून इचारती, घेतला का गं सिलिंडर. पेन्शन जमा झाली की तुला कळतंय. तितं माजी खबर असती. त्ये बी कमी करतीस व्हय?”

मी सुनेचा फोन तिला परत दिला आणि माझा पिशवीत टाकला. चहा गार झाला होता, तो तसाच प्याले. येताना त्यांनी शेवग्याच्या शेंगा दिल्या. बसमध्ये मला त्यांचा राग आला, मग माझा, मग त्या शेंगांचाही आला.

घरी नवऱ्यानं तोडगा काढला. तो कारखान्यातला माणूस. मशीन बंद पडलं तर ते चालू करायचं, ते का बंद पडलं ह्याचा विचार नंतर. “तिकडं फोन हातात नसणारच आहे ना?” तो म्हणाला. “मग नेऊच नको. घरी ठेव, आईकडे.”

मला आधी पटलं नाही आणि मग एकदम पटलं. अडकला होता तो माझा नंबर. मी कशाला अडकून बसायचं?

सासूबाईंना मराठी सावकाश वाचता येतं, आकडे झरझर येतात. इंग्रजी येत नाही. मी त्यांना शिकवायला बसले तेव्हा वाटलं होतं, की महिना लागेल. त्यांना एक दुपार लागली. कोड आला की कुणाचा ते नावावरून किंवा कशाचा आहे त्यावरून ओळखायचं, त्या घराला हाक मारायची, आकडे दोनदा सांगायचे. झालं की मेसेज पुसायचा, हे मी सांगितलंच नव्हतं. ते त्यांनी स्वतःच सुरू केलं. “ज्याचा त्येला दिला, आता ठिवायचा कशाला?” त्या म्हणाल्या. जेवण झालं की ताट घासून पालथं घालणाऱ्या बाई त्या. गुडघ्यामुळे त्यांचं शेतावर जाणं सुटलं होतं, चार बायकांत बसणं सुटलं होतं. आता माणसं त्यांना शोधत यायला लागली. चष्मा लावून त्या ओट्यावर बसायच्या आणि आकडे असे म्हणायच्या, की ऐकणारा आपोआप सरळ उभा राहायचा.

मुलाखतीला मी फोनशिवाय गेले. बसमध्ये माझा हात सारखा पर्सकडे जात होता आणि रिकामा परत येत होता. घोटावडं मागे पडल्यावर तो जायचा थांबला. खिडकीतून मी नुसतं बाहेर बघत होते, आणि कुणालाही माझ्याकडून काही नको होतं. मुलाखत चांगली झाली. त्यांनी मला एका खोट्या ग्राहकाशी बोलायला लावलं. त्याची पावती उघडत नव्हती. मला हसू आलं. निघताना म्हणाले, निवड झाली तर एक-दोन दिवसांत कळवू. अर्जात मी मेलचा पत्ता दिला होता, पण मेलची जागा गावाच्या कागदपत्रांच्या फोटोंनी भरून गेली होती, नवीन काही त्यात शिरत नव्हतं. रिकामी करायची म्हणजे कुणाचं काय पुसायचं, हा प्रश्न. म्हणून त्यांना सांगितलं, की मोबाईलवरच कळवा.

ते दिवस मी सासूबाईंची रंगीत तालीम म्हणून सोडले. सकाळी फोन त्यांच्या हातात द्यायचा आणि संध्याकाळपर्यंत बघायचा नाही. दिवसभर मी शेतात, नाहीतर मुलीच्या शाळेकडे, नाहीतर माळ्यावरचं सामान काढत बसायची. जुने ऑफिसचे कुडते काढून धुतले. संध्याकाळी फोन घेतला की मेसेजची पेटी लखलखीत रिकामी, आलेल्या कॉलची यादीही पुसलेली. एकही ओटीपी राहिलेला नाही, एकही तक्रार नाही. मला सासूबाईंचा अभिमान वाटायचा. कंपनीचं काही आलेलं नसायचं, तर मी म्हणायची, येईल उद्या.

आठवडा गेला तरी काही आलं नाही. मग एका संध्याकाळी नवरा पाळीवरून आला तेव्हा त्याच्याच फोनवरून मैत्रिणीला लावला.

“अगं, होतीस कुठे?” ती म्हणाली. “निवड झाली होती तुझी. त्यांनी लिंक पाठवली, दुसऱ्या दिवशीपर्यंत होकार द्यायचा होता. तू दिला नाहीस म्हणून मी दोनदा फोन केला. कुणीतरी बाई म्हणाल्या, ‘घर कुठलं सांगा, तुमचा अजून आला न्हाई, आला की हाक मारते.’ आणि ठेवून दिला.”

मी विचारलं, अजून काही करता येईल का. ती म्हणाली, जागा भरली.

सासूबाई ओट्यावरच होत्या, फोन मांडीवर, चष्मा कपाळावर. मी त्यांच्या शेजारी बसले. मला ओरडायचं होतं, पण आवाज निघाला तो अगदी साधा.

“आई, मागं एक इंग्रजी मेसेज आला होता का? लांबलचक, खाली निळी ओळ असलेला?”

“आला व्हता की,” त्या लगेच म्हणाल्या. “आकडंच न्हवतं त्यात. भाडेकरू पोराकडनं वाचून घ्यावा म्हटलं तर त्ये पाळीला गेल्यालं. मग समद्यास्नी इचारलं. पलीकडच्या आळीत इचारलं, दुकानात इचारलं, घोटावड्याला वन्संला बी फोन लावला, तुमी कुटं अर्ज केलाय का म्हणून. कुणाचाच न्हवता. सांजच्यापातुर वाट बगितली आन मग दिला पुसून.”

“माझा होता,” मी म्हटलं.

त्यांनी चष्मा खाली डोळ्यांवर घेतला.

“तुजा?” त्या म्हणाल्या. “ह्याच्यावर तुजं बी येतं व्हय?”

टोमणा असता तर मला कळला असता, इतकी वर्षं आम्ही एका घरात राहतो. त्यांना खरंच माहीत नव्हतं.